अंगठा देण्याआधी

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण जुनी आहे आणि पुष्कळदा खरीही आहे. चार बोटे बांधासाठी भाऊ-भाऊ वीस-वीस वर्षे भांडतात. बांध तिथेच राहतो, भांडणारे मात्र संपतात. अशा लोकांसाठी ती म्हण आहे.

पण ज्याचा हात यंत्रात गेला, त्याने काय करावे? जिला नवऱ्याने लेकरासकट बाहेर काढले, तिने काय करावे? त्यांनी गप्प घरी बसावे, असे त्या म्हणीचे सांगणे नाही. अशा माणसांसाठी कायदा केलेला आहे. तो कायदा त्यांच्यापर्यंत आणून पोचवणारा माणूस म्हणजे वकील. आज आपण वकिलाचे काम समजून घेऊ. त्यासाठी एक गोष्ट घेऊ. गोष्टीतली माणसे पाठासाठी कल्पिलेली आहेत. कायदा मात्र खरा आहे.

भिवाचा अंगठा

भिवा पुण्याजवळ भोसरीला एका लहान कारखान्यात कामाला होता. कारखान्यात सहा माणसे. पत्र्याचे तुकडे दाबून त्यांना आकार देणारे यंत्र असते, त्याला प्रेस म्हणतात. भिवा त्या प्रेसवर बसे. वय चाळीस. पगार महिना 12,000 रुपये. राज्य विम्याचे कार्ड नव्हते.

एके दिवशी प्रेस अवेळी खाली आला. भिवाच्या उजव्या हाताचा अंगठा गेला.

चौथ्या दिवशी मालकाचा माणूस दवाखान्यात आला. त्याच्या एका हातात वीस हजार रुपये होते. दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद होता.

तो म्हणाला, "भिवा, मालकांनी पैसे पाठवलेत. इथं अंगठा दे. उजवा गेलाय, तर डावा चालेल."

भिवाने विचारले, "कागदात काय लिहिलंय, साहेब?"

"पैसे मिळाले एवढंच. तुला वाचता कुठं येतं? दे अंगठा."

भिवाची बहीण तुळसा शेजारी बसली होती. ती वस्तीतल्या साक्षरता वर्गाला जात होती. तिला भरभर वाचता येत नव्हते. पण ती अक्षरे जोडून वाची. तिने कागद हातात घेतला आणि बोट ठेवून वाचू लागली. दुसऱ्या ओळीत तिला 'माझ्या चुकीने' असे शब्द लागले. पाचव्या ओळीत 'कोणताही हक्क राहिला नाही' असे लागले.

ती म्हणाली, "दादा, थांब. हे नुसतं पैसे मिळाल्याचं नाही."

भिवा घुटमळला. घरात पीठ नव्हते. वीस हजार समोर दिसत होते. पण बहिणीच्या सांगण्यावरून त्याने हात मागे घेतला. मालकाचा माणूस रागाने निघून गेला.

वकीलबाईंची ओळख

वस्तीतल्या एका जाणत्या माणसाने दोघांना शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात पाठवले. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. गोरगरिबांना फुकट वकील देणारी ही सरकारी व्यवस्था आहे. 1987 साली तिचा कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो लागू झाला. ह्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला वकील फुकट मिळतो. कोणत्याही स्त्रीलाही फुकट मिळतो. मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कैदी ह्यांनाही मिळतो. ह्या लोकांना उत्पन्नाचा दाखला आडवा येत नाही. तालुक्याच्या कोर्टातही अशी समिती असते. 15100 ह्या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

तिथे त्यांना एक वकीलबाई मिळाल्या. तुळसा धीट होती. तिने सरळ विचारले, "बाई, राग मानू नका. तुम्ही असली कामं केलीत का? पोटाचा प्रश्न आहे म्हणून विचारते."

वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, "राग कसला? हे प्रत्येकानं विचारावं. बसा, सांगते."

त्यांनी सांगितले ते असे. वकील होण्यासाठी बारावीनंतर पाच वर्षे कायदा शिकावा लागतो. पदवी झालेली असेल तर तीन वर्षे. मग बार कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. ती सनद देते. शिवाय 2010 पासून सगळ्या देशाची एक परीक्षा सुरू झाली आहे. नव्या वकिलाला तीही पास व्हावी लागते.

"पण सनद म्हणजे नुसता परवाना," बाई म्हणाल्या. "खरं शिक्षण पुढं होतं. मी सहा वर्षं एका जुन्या वकिलांच्या हाताखाली होते. ते कामगारांची कामं चालवत. मी त्यांच्या फायली वाहिल्या, तारखा घेतल्या, अर्ज लिहिले. कारखान्याचा मस्टर कसा वाचायचा, डॉक्टरचा दाखला कसा तपासायचा, साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यायची, ते तिथं शिकले."

"आणि आता?"

"आता दोन तऱ्हेची कामं करते. एक कामगारांच्या भरपाईची. दुसरी घरसंसाराची, म्हणजे पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा."

भिवाला नवल वाटले. "ही दोन कामं एकत्र कशी, बाई?"

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटायचं. मग दिसू लागलं. हात गेला की पगार जातो. पगार गेला की घर फाटतं. आज अपघाताच्या खटल्याला आलेल्या माणसाची बायको वर्षभरानं पोटगीच्या अर्जाला येते. म्हणून मी दोन्ही कायदे शिकले."

भरपाईचा कायदा

मग बाईंनी भिवाला त्याचा कायदा समजावला.

पूर्वी अपघात झाला तर कामगारालाच सिद्ध करावे लागे की चूक मालकाची आहे. गरीब माणूस ते कुठून सिद्ध करणार? म्हणून 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. तो 1 जुलै 1924 पासून लागू झाला. ह्या कायद्याने चाल बदलली. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे दाखवले की पुरे. चूक मालकाची होती हे दाखवण्याची गरज नाही. पुढे 2020 साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता केली. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला. मूळ तत्त्व तेच राहिले.

ह्याला काही अपवाद आहेत. कामगार दारू प्यायलेला असेल, किंवा सुरक्षेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा यंत्राची जाळी मुद्दाम काढली असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ही सबबही चालत नाही.

भिवा लगेच म्हणाला, "जाळी मी नाही काढली, बाई. जाळी पहिल्यापासूनच नव्हती."

"मग हे नीट सांगा आणि पाहणाऱ्यांची नावं द्या," बाई म्हणाल्या. "त्या कागदात 'माझ्या चुकीने' असं का लिहिलं होतं, ते आता कळलं ना?"

भिवाचा हिशेब

भरपाई किती हे मालकाच्या मर्जीवर नसते. कायद्यात हिशेब दिलेला आहे. बाईंनी तो पाटीवर मांडावा तसा कागदावर मांडला. आपणही मांडू.

पहिली पायरी: माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर पगाराचे शेकडा 60 धरतात. 12,000 चे शेकडा 60 म्हणजे 7,200.

दुसरी पायरी: प्रत्येक वयाला कायद्यात एक आकडा ठरलेला आहे. वय कमी तर आकडा मोठा, कारण कमाईची वर्षे जास्त गेली. चाळीस वर्षांना 184.17 हा आकडा आहे. 7,200 गुणिले 184.17 म्हणजे 13,26,024 रुपये.

तिसरी पायरी: भिवा पूर्ण अपंग झालेला नाही. त्याचा एक अंगठा गेला. कोणता अवयव गेला तर कमाईची शक्ती किती गेली, ह्याचे कोष्टक कायद्यात आहे. अंगठ्याला शेकडा 30. एका हाताची चार बोटे गेली तर शेकडा 50. दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गेला तर शेकडा 40. म्हणून 13,26,024 चे शेकडा 30 काढायचे. ते होतात 3,97,807 रुपये.

भिवा आकड्याकडे बघत राहिला. मालकाने त्याला वीस हजार देऊ केले होते.

शिवाय औषधपाण्याचा खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. भरपाई एका महिन्याच्या आत दिली नाही, तर तिच्यावर वर्षाला शेकडा 12 व्याज चढते. विलंबाला योग्य कारण नसेल, तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो.

भिवाने विचारले, "मी अंगठा दिला असता तर सगळं बुडालं असतं का?"

बाई म्हणाल्या, "सगळं नाही. हक्क सोडला असं लिहून घेतलं, तरी कायदा ते मानत नाही. एकरकमी तडजोड करायची तर ती सरकारी अधिकाऱ्यापुढं नोंदवावी लागते. रक्कम अपुरी असली किंवा फसवून अंगठा घेतला असला, तर अधिकारी नोंद नाकारू शकतो. पण मग मला आधी तो कागद खोडून काढावा लागला असता. त्यात वर्ष गेलं असतं. तुमच्या बहिणीनं ते वर्ष वाचवलं."

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी. ज्या कामगाराचा राज्य विमा उतरलेला असतो, त्याला अपघाताचा लाभ विमा महामंडळाकडून मिळतो. त्याने मालकाकडे नव्हे, तर महामंडळाच्या कचेरीत जायचे. म्हणून वकील पहिल्यांदा विचारतो, "विम्याचे कार्ड आहे का?"

तुळसाची गोष्ट

भिवाचे काम लिहून झाले. बाईंनी तुळसाकडे पाहिले. "ताई, तुमच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. तुम्ही भावाकडं राहता?"

तुळसा खाली बघू लागली. मग तिने सांगितले. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी दुसरी बाई घरात आणली. तुळसाला आणि सहा वर्षांच्या मुलाला बाहेर काढले. एक पैसाही देत नाही. आतापर्यंत भाऊ पोसत होता. आता भावाचाच हात गेला.

"मग तुम्ही अर्ज का नाही केला?"

"लोक म्हणाले, घरचं भांडण चावडीवर नेऊ नये. आणि तो म्हणतो, नांदायला ये, मग खायला घालीन."

बाई म्हणाल्या, "नवऱ्यानं दुसरी केली किंवा बाई ठेवली, तर त्याच्याकडं नांदायला नकार द्यायला तेवढं कारण पुरतं. कायद्यातच तसं लिहिलंय."

हा पोटगीचा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमात होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात हे कलम 144 आहे. जिला स्वतःचे पोट भरता येत नाही अशी बायको, लहान मुले आणि म्हातारे आईबाप ह्या कलमाने पोटगी मागू शकतात. बायको जिथे राहते तिथल्याच कोर्टात अर्ज करता येतो. नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

खटला चालू असताना खायचे काय? त्यासाठी अंतरिम पोटगी मागता येते. नवऱ्याला नोटीस पोचल्यापासून होता होईल तो साठ दिवसांत त्या अर्जाचा निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. नवरा म्हणतो, "माझ्यापाशी काही नाही." म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरवून दिले की, दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता आणि कर्ज ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरावी, हेही त्याच निकालात सांगितले आहे.

शहरांत अशा कामांसाठी कुटुंब न्यायालये आहेत. त्यांचा कायदा 1984 चा. तिथली रीत थोडी निराळी आहे. न्यायाधीश आधी समेट होतो का ते पाहतात. समुपदेशक दोघांशी बोलतात. तिथे वकील उभा करणे हा कोणाचा हक्क नसतो. न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. भांडण वाढू नये, असा त्यात हेतू आहे.

"मग तिथं तुमचं काय काम?" तुळसाने विचारले.

"पुष्कळ आहे. अर्ज नीट लिहिणं. कोणते कागद जोडायचे ते सांगणं. कोर्टात काय विचारतील ते समजावणं. परवानगी मिळाली तर बाजू मांडणं. आणि समेट खरोखर होत असेल, तर आड न येणं. कामगाराच्या खटल्यात मी जोरानं भांडते. घराच्या खटल्यात मला थांबायलाही यावं लागतं. मूल दोघांचं असतं ना."

1923 साल

वाचकहो, 1923 हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. कामगारांच्या भरपाईचा कायदा त्या साली झाला, हे आपण पाहिले. त्याच साली आणखी एक कायदा झाला. केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिली नाकारता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. आपल्या नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांनी 1892 सालीच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. पण स्त्रियांना वकिलीचे दार नीट उघडायला तीस वर्षे लागली. त्या दारातून आज भिवाच्या वकीलबाई आत आल्या.

आणि त्याच 1923 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेहून परत आले आणि मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. पुढे 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदामंत्री झाले. स्त्रियांना लग्न, वारसा आणि पोटगी ह्यांत हक्क देणारे हिंदू कोड बिल त्यांनी लावून धरले. ते रखडले. 1951 साली त्यांनी राजीनामा दिला, त्याचे हे एक मोठे कारण होते. पुढे 1955 आणि 1956 साली ते बिल चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. कामगाराचा हक्क आणि घरातल्या स्त्रीचा हक्क ह्या दोन्हींसाठी एकच माणूस झटला, हे आपण विसरू नये.

वकील कसा पारखावा

सगळे वकील सारखे नसतात. वैद्याची पारख करतो तशी वकिलाचीही करावी. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणून फलक पाहून भुलू नये. जे त्यांच्याकडे जाऊन आले त्यांना विचारावे. वकिलालाही विचारावे: सनद आहे का? असली कामे किती वर्षे करता? फी किती, आणि पावती द्याल का?

"जिंकल्यावर निम्मे मला द्या," असे कोणी म्हणाले तर सावध व्हावे. भरपाईच्या रकमेत वाटा ठरवणे वकिलाला मना आहे. कोर्टाच्या आवारात मध्यस्थ फिरतात. ते अपघाताच्या बातमीवर टपलेले असतात. त्यांच्या हाती मूळ कागद देऊ नयेत. वकीलपत्रावर सही करतो, म्हणजे आपण त्या वकिलाला आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार देतो. तेही वाचूनच करावे.

वकिलाशी खोटे बोलू नये. आपल्या बाजूचे उणे त्याला आधी कळले तर तो तयारी करतो. ते कोर्टात कळले तर तोही काही करू शकत नाही.

पुढे काय झाले

भिवाचा अर्ज दाखल झाला. मालकाने कैफियत दिली की, भिवा आमच्याकडे कामालाच नव्हता. पण भिवाने बँकेचे पासबुक जपून ठेवले होते. त्यात दर महिन्याचा पगार दिसत होता. दवाखान्याच्या केसपेपरवर अपघाताची तारीख आणि कारखान्याचे नाव होते. दोघा सोबत्यांनी साक्ष दिली. चौदा महिन्यांनी निकाल झाला. अंगठ्याची पूर्ण भरपाई आणि व्याज मिळाले.

गेलेला अंगठा मात्र परत आला नाही. भिवाला आता प्रेसवर बसता येत नाही. भरपाईतून त्याने किराणा मालाचे लहान दुकान टाकले. तुळसाला अंतरिम पोटगी सुरू झाली आहे. नवरा एखादा महिना चुकवतो. मग ती वसुलीचा अर्ज करते. असा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, म्हणून ती तारीख वहीत लिहून ठेवते.

भिवाही आता संध्याकाळी वर्गाला येतो. डाव्या हाताने अक्षरे काढतो. अक्षरे वाकडी येतात. पण दुकानाच्या मालाच्या पावतीवर तो आता सही करतो, आणि सही करण्याआधी पावती वाचतो.

लक्षात ठेवा

1. अपघात झाला की मालकाला लगेच कळवावे. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. मुदतीवर विसंबून न राहता लवकर अर्ज करावा.
2. पगाराची चिठ्ठी, पासबुक, हजेरीचे कार्ड आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत जपावेत.
3. अपघात पाहणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत.
4. न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.
5. स्त्रियांना आणि कामगारांना वकील फुकट मिळतो. तो मागावा.

नवे शब्द

सनद – वकिली करण्याचा परवाना.
वकीलपत्र – वकिलाला आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार देणारा कागद.
कैफियत – दाव्याला दिलेले लेखी उत्तर.
उलटतपासणी – समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न.
पोटगी – पोट भरण्यासाठी मिळणारी रक्कम.
अंतरिम – निकाल लागेपर्यंतची.

प्रश्न

1. मालकाच्या माणसाने आणलेल्या कागदात काय लिहिले होते? तुळसाने भावाला का थांबवले?
2. भिवाचा पगार महिना 10,000 रुपये असता, तर अंगठ्याची भरपाई किती झाली असती? वरच्या तीन पायऱ्यांनी काढा.
3. वकीलबाई भरपाईची आणि घरसंसाराची अशी दोन्ही कामे का करतात?
4. तुमच्या घरातले कोणते कागद पिशवीत जपून ठेवले पाहिजेत? त्यांची यादी वहीत लिहा.